सेकंदकाटा

कॉलेजच्या यादीत सातव्या नंबरावर:
सेकंदकाटा असलेलं घड्याळ.
मोबाईल चालणार नाही. (खाली दोन रेघा.)

दहीपुलाजवळच्या घड्याळवाल्यानं
डोळ्यातलं भिंग न काढताच विचारलं,
लग्नात द्यायचंय का?
नाही, नाडी मोजायचीय.
तेव्हा कुठे त्यानं भिंग काढलं,
खणातून एक जुनं शोधलं, पट्टा बदलला,
दोनशे सांगून दीडशे घेतले.
रोज सकाळी चावी द्यायची हां, म्हणाला,
नाहीतर काटा थांबेल
आणि तू पेशंटचे ठोके मोजतच बसशील.

पांढरे बूट टाचेला लागतात.
रात्री मी ते घालून खोलीतच फिरते,
ओट्यापासून दारापर्यंत अकरा पावलं,
टाचेत कापूस.
केस जाळीत मावत नाहीत.
करंगळीचं एक नख ठेवलं होतं,
कुणाला दिसणार नाही म्हणून.
काल तेही कापलं.

ॲनाटॉमीचं पुस्तक जुनं घेतलं.
पहिल्या पानावर निळ्या शाईत: रिबेका साळवे, शरणपूर.
समासात तिचं बारीक अक्षर:
"हे येतंच."
"मॅडमनी दोनदा सांगितलं."
हृदयाच्या चित्राखाली: "भूक लागलीय."
पान दोनशे बारापर्यंत ती सोबत येते.
पुढे पुस्तक कोरं आहे.
रिबेकाचं काय झालं, कोण जाणे.
मी दोनशे तेराव्या पानावर
पेन्सिलीनं माझं नाव घातलंय,
दर्शना भोये, पेठ रोड,
पुसता येईल इतपत हलकं.

चादरीचा धडा वाचत होते मोठ्यानं,
अकरा पायऱ्या, कोपरा पंचेचाळीस अंशात.
आई नाईट करून आलेली, साडीला फिनेलचा वास.
तिनं दिवाणावरची चादर झटकली,
ओढली, दुमडली, खोचली.
पाकिटाला चिकटवावा तसा कोपरा.
मी तिसऱ्या पायरीवरच होते.
याला काय म्हणतात तुमच्यात?
मायटर्ड कॉर्नर.
असं होय, ती म्हणाली.
एकोणीस वर्षं मी नुसताच कोपरा घालतेय.

तिला पुष्कळ माहीत आहे नावांशिवाय.
तळहाताच्या मागच्या बाजूनं ताप.
कुशीवर वळवताना आधी गुडघा.
पायांची बोटं गार लागली की
ती नातेवाइकांना चहाला पाठवत नाही.

नाडी अंगठ्यानं बघायची नाही.
अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात,
आपलेच दुसऱ्याच्या नावावर मोजले जातात.
तीन बोटं, मनगटाच्या बाहेरच्या अंगाला, हलकी.
धाकट्याचे ब्याण्णव भरले, तो मॅच बघत होता.
शेजारच्या लिलाकाकूंना सापडेनाच,
त्या घाबरल्या, मग मी घाबरले.

मग आईचा हात घेतला.
बारा. तेरा. चौदा.
मनगटावर जुना चटका, स्टरलायझरचा,
तिथे कातडी गुळगुळीत.
एकवीस. बावीस.
ती छताकडे बघत म्हणाली,
तुमची प्रॅक्टिकल आमच्याच वॉर्डात लागतात.
एकोणतीस.
तिथे मला आई म्हणू नकोस.
सगळ्यांसारखी मावशी म्हण.
सिस्टर लोक पॉट द्यायला हाक मारतात,
तू पण मारायची.
लाजायचं नाही. मी येईन.

काटा बारावर येऊन गेला होता.
किती? तिनं विचारलं.
चुकलं.
मग परत मोज, आणि आता मी बोलत नाही.

परत मोजले. चौऱ्याहत्तर.
वहीत तारीख, वेळ, आणि नावाच्या रकान्यात
बराच वेळ पेन टेकवून ठेवलं.
यमुना भोये, वय बेचाळीस.
नात्याचा रकाना त्या तक्त्यात नाही.

निमाणीहून सहा पन्नासची बस.
बूट दाराशी, पिना डबीत, डबा सकाळी.
आई भिंतीकडे तोंड करून झोपली,
दिवसभराची झोप रात्री.
मी दिवा घालवला तशी पुटपुटली,
चावी…
दाराची की घड्याळाची, विचारलं नाही.
उठून दोन्ही बघून आले.